बग नाहीये तो

"बग नाहीये तो. बरोबर चाललंय."

सर हसत म्हणाले. बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक. नारायण पेठेतलं आमचं ऑफिस, एका दुकानाच्या माडीवर. कॉम्प्युटरभोवती आम्ही चौघं. मालक, म्हणजे सर. माझ्यासारखाच प्रोग्रॅमर निखिल. मी. आणि शनिवार पेठेत वधूवर सूचक केंद्र चालवणाऱ्या बाई. त्यांच्या केंद्राची वेबसाइट आम्ही बनवली होती. आम्ही कसली, मी बनवली होती. आणि त्याच वेबसाइटवरून मी नुकतीच गायब झाले होते.

साइट करताना चाचणीसाठी खोटी माणसं भरावी लागतात. निखिल नट-नट्यांची नावं भरायचा. मी स्वतःलाच भरलं होतं. कारण साधं होतं. जन्मतारखेवरून वय बरोबर निघतंय का, उंची नीट दिसतेय का, हे स्वतःची माहिती असली की बघताक्षणी कळतं. माझं नाव, राहणार कात्रज, बी.एस्सी., धर्म बौद्ध. धर्मांची यादी मीच तयार केली होती, त्यातून मीच निवडलं. लपवायचं काय त्यात? पण ते कुणी उघडून पाहिलंच नव्हतं. माझ्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे. तेवढ्यावर सगळ्यांनी मला आपल्यात धरलं होतं.

मी काम शिकले ते याच साइटवर. नोकरीला लागले तेव्हा मला जेमतेम एक साधं पान करता येत होतं. बाकी सगळं मोडत आणि जोडत शिकले. कुठल्या तरी सायबर कॅफेतून फोन यायचा, मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतायत. एकाचा फोटो दुसऱ्याच्याच नावाशेजारी जाऊन बसायचा आणि बाईंचा आवाज चढायचा. मी शोधत बसायचे. सापडलं की कळायचं, हे असं चालतं होय! पुढे लोकांना दिसणाऱ्या साइटला माझ्याशिवाय कुणी हात लावत नसे. "तुमचं बाळ आहे, तुम्हीच सांभाळा," सर म्हणायचे. मला अभिमान वाटायचा त्याचा.

मग बाईंना एक नवी सोय हवी झाली. लग्नाच्या छापील जाहिरातीत शेवटी असतं ना, 'एससी, एसटी क्षमस्व', ते साइटवर हवं होतं. खूण करायचा एक चौकोन; खूण असली की त्या लोकांची नावं यादीत येणारच नाहीत. तोही आधीच खूण करून ठेवलेला, म्हणजे लोकांना मुद्दाम करायचा संकोच नको. मी रजेवर होते तेव्हा निखिलने तो ऑफिसातल्या कॉपीवर करून टाकला. बौद्धही त्यातच घातले.

त्या दिवशी बाईंना दाखवताना त्याने पुण्यातल्या मुली शोधल्या. नेहमी सगळ्यात वर यायचं ते माझं नाव आलंच नाही. तो गोंधळला. "सर, बग आहे. हिचं रेकॉर्ड येत नाहीये."

सरांनी माझं रेकॉर्ड उघडलं. धर्माच्या ओळीवर थांबले. माझ्याकडे पाहिलं. आणि ते वाक्य बोलले.

निखिलची मान खाली. बाई मला नव्याने न्याहाळायला लागल्या. याच बाई मागे म्हणाल्या होत्या, तुझ्यासाठीही एखादं छान स्थळ बघते हं. आता म्हणाल्या, "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. आम्ही नाही मानत तसलं काही. पण हे लग्नाचं असतं ना."

माझी कानशिलं तापली. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. आणि लाज मला का वाटावी, याचा त्याहून जास्त राग आला.

सर मला म्हणाले, "चला, हे साइटवर चढवून टाका."

"मी नाही चढवणार."

"का?"

"ह्यात मी नाहीये, सर."

"अहो, तुम्हाला इथे लग्न जमवायला नाही, साइट सांभाळायला ठेवलंय."

"तेच करतेय. हा चौकोन काढा, आत्ता चढवते."

सरांनी हात पुढे केला. "पासवर्ड द्या. आणि उद्यापासून येऊ नका."

पासवर्ड सांगितला. दुसऱ्याला अडवून धरायची सवय त्यांची, माझी नाही. निखिल माझ्या खुर्चीत बसला. माझ्याकडे न बघता त्याने ते चढवलं. बाई म्हणाल्या, "निदान चहा तरी घेऊन जा." मी जिना उतरले.

घरी आईला सांगितलं. तिला 'क्षमस्व' कळेना. म्हटलं, माफ करा असं म्हणतात ते. ती भाकरी थापायची थांबली.

"म्हंजी माफी बी त्येच मागत्यात आन् दार बी त्येच लावत्यात?"

माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली ती कुणाला विचारून नव्हे. आणि मी कात्रजला जन्मले, शिकले, अख्खी साइट उभी केली, ते कुणी मला क्षमस्व म्हणावं म्हणून नव्हे.

आज मी मोठ्या कंपनीत आहे. काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्र. तिथेही कुणीतरी गोड आवाजात विचारतंच, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" त्यांना काय हवंय ते मला कळतं. मी गावाचं नाव सांगत नाही. बौद्ध आहे म्हणून सांगते. मग गोड आवाजाचं काय होतं ते बघत उभी राहते.

आणि अजूनही मी कुठलीही साइट करायला घेतली, की चाचणीसाठी पहिलं माणूस म्हणून भरते ते स्वतःलाच. माझं नाव, कात्रज, धर्म बौद्ध. हाताखालची पोरं विचारतात, मॅडम, खरी माहिती कशाला? मी सांगते, ही ओळ कुठल्याही पानावरून गायब झाली तर मला हाक मारा. कुणी म्हणेल बरोबर चाललंय. ऐकू नका. तो बग आहे. आणि तो निघाल्याशिवाय माझ्या हातून काहीही साइटवर चढणार नाही.