वर बिऱ्हाड नसलेलं घर

अन्याय माझ्या आईवर झाला. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, जळगावातल्या एका रिकाम्या घराच्या पुढच्या खोलीत. करणारे तिघे होते: माझे वडील, त्यांचे थोरले भाऊ म्हणजे आमचे नाना, आणि मी. आई त्या वेळी तिथे नव्हती. अन्याय म्हणजे तोच.

आमचं गाव धरणगाव तालुक्यात. घर जुन्या वळणाचं नाही, नव्या वळणाचंही नाही. पुढे स्लॅब आहे आणि मागे स्वयंपाकघरावर पत्रे. पुढे स्लॅब टाकून झाला तेव्हा मागचं पुढच्या वर्षी बघू असं ठरलं होतं. ते पुढचं वर्ष अजून आलेलं नाही. गेल्या मे महिन्यात आई दुपारी भाकरी करताना त्या पत्र्याखाली पडली. तवा चुलीवर राहिला, ती जमिनीवर. तालुक्याच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि वडिलांना सांगितलं, यांना पुढचा उन्हाळा पत्र्याखाली काढू देऊ नका, दुसऱ्यांदा पडल्या तर मी काही सांगू शकत नाही. वडील घाबरले. त्यांनी शेत निम्म्याने कसायला दिलं आणि घर शहरात हलवायचं ठरवलं. हे सगळं आईसाठी चाललं होतं, ही गोष्ट आमच्या घरात रोज कोणी ना कोणी आईला सांगायचं.

जायचं कुठे, यावर दिवाळीपासून चर्चा होती. नाना धुळ्याला असतात, मास्तरकीतून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं, धुळ्याला संध्याकाळी वारा सुटतो, जळगावचं ऊन रात्रीही भिंतीतून निघत नाही. वडिलांचं म्हणणं, जळगावहून शेतावर मोटारसायकलने जाता येतं, आणि वारा काय प्यायचा आहे का, पाणी कुठलं बरं ते सांगा. मधे नशिराबादचंही एक घर निघालं, पण ते हायवेला लागून होतं आणि वडील बघून आले ते शिंकतच. मग दोघं भाऊ रोज सकाळी फोनवर आपापल्या गावाचं तापमान एकमेकांना वाचून दाखवायला लागले. फरक एका अंशाचा असायचा. तो एक अंश दोघांनीही जिंकल्यासारखा सांगितला. हे बोलणं चालायचं तेव्हा आई मागे पत्र्याखाली भाकरी थापत असायची. तिला कोणी अंश विचारला नाही.

शेवटी जळगाव ठरलं. नाना खास धुळ्याहून आले, घर बघायला. मला सोबत घेतलं, कारण मी शिकलेली आहे आणि मला तक्ते करता येतात. आई मागे थांबली, कारण जेठ, म्हणजे थोरले दीर, घरी आले की भरीत आणि कळण्याची भाकरी झालीच पाहिजे, आणि आम्ही परत येऊ तेव्हा ती गरम पाहिजे. तिला चल म्हणावं असं माझ्या मनात आलंच नाही. हे मी लिहून ठेवते.

आमच्याकडे घर बघायची एक पद्धत आहे. ऊन व्हायच्या आत निघायचं. फाटक बघायचं. गाडी कुठे उभी राहील ते बघायचं. मुख्य दार कुठल्या दिशेला आहे, बोअरला पाणी आहे का, शेजारी कोण राहतं, हे विचारायचं. मग पुढच्या खोलीत बसून चहा घ्यायचा. त्या रविवारी स्वयंपाकघराकडे मालकाने हात केला आणि म्हणाला, ते मागे आहे. नानांनी मान हलवली. मी तक्त्यात ‘स्वयंपाकघर’ या रकान्यात ‘आहे’ असं लिहिलं.

मी ज्या गटात आहे, तो बांधकामावरच्या बायकांसाठी काम करतो. सावली आणि दुपारची सुट्टी मिळावी म्हणून आम्ही पत्रक काढलं होतं, त्याचा मजकूर माझा. त्यासाठी मी साइटवर फिरून प्रत्येक बाईला एकच विचारायचे, दुपारी दोन वाजता तुम्ही कुठे असता? अनोळखी बायकांना मी हे शंभरदा विचारलं असेल. घरी एकदाही नाही.

त्याच गल्लीत समोर आणखी एक घर भाड्याने होतं. तळमजला. नानांनी रस्त्यावरूनच वर पाहिलं. वरच्या कठड्यावर कपडे वाळत होते. नाना म्हणाले, वर बिऱ्हाड आहे, चला. आमच्या लोकांना हे चालत नाही. गावात घर म्हणजे ज्याचं छप्पर त्याचं. वर कोणी चालतंय आणि खाली आपण जेवतोय, हे त्यांना कमीपणाचं वाटतं. वडीलही म्हणाले, जन्मात डोक्यावर कोणी राहिलं नाही. मी तक्त्यात लिहिलं, ‘वर बिऱ्हाड – बाद’. पहिलं घर स्वतंत्र होतं, वर फक्त आकाश. ते पसंत पडलं. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, राहायला जायचं ठरलं.

आखाजीला दहा दिवस राहिले असताना आई मला म्हणाली, भांडी कुठे लागतील ते बघून येऊ. मी म्हटलं, सकाळच्या एसटीने जाऊ. ती म्हणाली, बाराच्या. मी म्हटलं, ऊन केवढं आहे. ती म्हणाली, “म्हनीसनच.”

आम्ही दोन वाजता त्या घरात शिरलो. पुढची खोली तिने बघितली नाही, सरळ मागे गेली. स्वयंपाकघर पश्चिमेला, वर नुसता स्लॅब. तवा तापला का बघतात तसा तिने भिंतीला उलटा हात लावला आणि लगेच काढला. मग ओट्यापुढे जाऊन उभी राहिली. मला म्हणाली, घड्याळ बघ, सगळ्यांच्या भाकरी करायला मला वीस मिनिटं लागतात. ओट्यावर काहीच नव्हतं. पीठ नाही, तवा नाही, गॅस नाही. ती नुसती उभी होती. मालक डोकावला, काही अडचण आहे का म्हणाला. मी म्हटलं, आई घर बघतेय. तो म्हणाला, मग पुढे या ना, बघण्यासारखं सगळं पुढे आहे.

चौदाव्या मिनिटाला ती ओट्याला धरून खाली बसली. पडली नाही, बसली. मी नळ सोडला, पाणी चहाला चालेल इतकं गरम होतं. बाटलीतलं दिलं. तोंड पुसून ती म्हणाली, “तुम्ही बठ्ठा पुढे बसशात. मी आठे उभी ऱ्हासू.”

आम्ही सगळे पुढे बसणार, इथे उभी ती राहणार. तक्ता माझ्या पिशवीत होता.

बाहेर पडल्यावर आम्ही समोरच्या घराच्या सावलीत टेकलो. तिने पाटी वाचली, भाड्याने देणे आहे. मला म्हणाली, किल्ली माग. मी म्हटलं, हे बाद झालंय, वर बिऱ्हाड आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी किल्ली मागायला गेले. तिथलं स्वयंपाकघर पूर्वेला, अंधारं, थोडं अरुंद. ओट्यापुढे ती पूर्ण वीस मिनिटं उभी राहिली, वर दोन मिनिटं जास्त. मग म्हणाली, हे.

आखाजीला नाना आले. आई जेठांशी थेट बोलत नाही, रीत आहे. ते पुढच्या खोलीत, ती दाराआड, अंतर चार हात, आणि मधे मी.

“नानास्ले सांग,” आई म्हणाली, “त्या घरमा मी येत नही.”

नानांना ते ऐकू गेलंच होतं. तरी मी सांगितलं, आणि तिला समोरचं घर हवंय हेही. नाना मला म्हणाले, तिला म्हणावं कूलर लावून देऊ. मी दाराकडे वळायच्या आत आतून उत्तर आलं, “कूलर लावा का गॅस इझाई जास.”

हे खरं आहे. कूलरचा झोत आला की बर्नर विझतो. म्हणून कूलर कायम पुढच्या खिडकीत असतो. नानांनी कूलर सोडून दिला. मग मला म्हणाले, आणि भाडेकरूच्या पायाखाली राहायचं, लोक काय म्हणतील? आतून आई म्हणाली, नानांना विचार, ते लोक दुपारी भाकरी करायला येणार आहेत का.

आई त्या घरात कशी खाली बसली ते मी वडिलांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी मला विचारलं, “किती मिनिटांनी बसली?”

“चौदा.”

त्यांनी फोन काढला आणि पहिल्या मालकाला नाही म्हणून कळवलं. नाना जेवले, पण पुरणपोळी एकच घेतली. हा निषेध होता.

आता मे आहे. आम्ही तळमजल्यावर राहतो. स्वयंपाकघर थंड नाही. इथे थंड काहीच नसतं. पण आई उभी आहे. वर एक नर्स राहते, एकटी. आमच्या वाट्याचं ऊन तिच्या स्लॅबवर पडतं, म्हणून आमचं घर बरं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी त्यावर लिहायला बसले. आई तोवर जिना चढून तिला सांगून आली होती, रात्रपाळी करून आल्यावर दुपारी खाली येऊन झोपत जा. आता ती रोज येते आणि आमच्या पुढच्या खोलीत कूलरसमोर झोपते. वडील त्या वेळी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसतात. त्यांना तिथे घाम येतो. त्यांनी ते मला सांगितलं, नवी बातमी असल्यासारखं.

तुम्हीही घर बदलणार असाल. जळगावला, धुळ्याला, वरणगावला, कुठेही. रविवारी सकाळी नऊला जाऊ नका. एप्रिलात जा, दुपारी दोनला जा, आणि रोजच्या भाकरी जी करते तिला सोबत घ्या. पुढच्या खोलीत बसू नका, चहा घेऊ नका. ती ओट्यापुढे उभी राहील तितका वेळ तुम्हीही तिच्या शेजारी उभे राहा. ती नाही म्हणाली तर तिथल्या तिथे किल्ली परत करा.