हेक्टरचा खांदा

एकाच टेबलावर रोज जेवणाऱ्या माणसांचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते आपोआप साठतात. आणून कोणी ठेवल्या ते कळत नाही, पण एक दिवस ड्रॉवर उघडला की परत बंद होत नाही. मंदीच्या वर्षातले आमचे किस्से तसेच. त्या वर्षी आम्ही इतके दमलेले होतो की हसलो कधी हे आठवत नाही. किस्से मात्र त्याच वर्षाचे जास्त.

आमचं ऑफिस पाया लेबारला. मी अकाउंट्समध्ये. शेजारच्या टेबलावर पेडणेकर, साठीला टेकलेले, मूळ गिरगावचे, सिंगापुरात इतकी वर्षं काढलेले की टॅक्सीवाल्याला रस्ता तेच सांगायचे. आयटीमधला मिलिंद वानखेडे नागपूरचा, आमच्यात सगळ्यांत तरुण. आणि पेरोलची मिस लिम. तिला आमचं मराठी कळत नसे, चेहरे बरोबर कळत. दुपारी आम्ही चौघं खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, जेवायचो.

आमच्या मजल्यावर वॉल्टर नावाचा एक अमेरिकन होता. इंटरनेटवर बेसबॉलची एक लीग चालायची, तीत त्याची टीम होती. खेळाडू सगळे कॉम्प्युटरने बनवलेले. पण त्यांना नावं होती, वयं होती, दुखापती व्हायच्या, म्हातारे झाले की ते निवृत्त व्हायचे. मालक मात्र हाडामांसाचे, जगभर पसरलेले. कोणी खेळायचं एवढंच आपण ठरवायचं. अमेरिकेत मध्यरात्र झाली की तिकडचा कॉम्प्युटर मॅच खेळून टाकायचा आणि आमच्याकडे जेवायच्या वेळेला निकाल हजर.

वॉल्टरची बदली झाली. जाताना त्याने ती टीम आमच्या गळ्यात घातली. नाव बेडोक बफेलोज, कारण तो बेडोकला राहायचा.

"मागच्या सीझनला आम्ही शेवटचे आलो," तो म्हणाला. "लागोपाठ दोनदा शेवटचा नंबर आला की लीग टीम बरखास्त करते. तेवढं होऊ देऊ नका."

"मग खेळाडूंचं काय होतं?" पेडणेकरांनी विचारलं.

"पुसून टाकतात."

पेडणेकरांच्या हातातला चमचा तसाच राहिला. टीम आम्ही घेतली ती त्या चमच्यामुळे.

*

बेसबॉल आमच्यापैकी कोणालाच येत नव्हता. मिलिंदने दोन दिवसांत नियम वाचून काढले आणि टेबलावर आम्हाला शिकवायला बसला. पेडणेकर जन्मभर क्रिकेटवाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "ह्यात ड्रॉ कसा करायचा?"

"ड्रॉ नसतो काका."

"पाऊस आला तर?"

"थांबायचं. मग परत खेळायचं."

"मग हरत असलेल्या माणसाने करायचं काय?"

मिलिंदने जरा विचार केला. "हरायचं," तो म्हणाला.

*

आणि आम्ही हरायला लागलो. मिलिंद वरून निकाल बघून यायचा. तो लिफ्टमधून बाहेर पडला की त्याच्या चालण्यावरूनच आम्हाला कळायचं. आधी पेडणेकरांचा डबा बंद व्हायचा, मग माझा.

टीममध्ये हेक्टर मॅरोन नावाचा एक पिचर होता. पिचर म्हणजे आपला बोलर. वय चाळिशीच्या पुढे. त्याच्या नावापुढे कॉम्प्युटरने लिहिलं होतं, 'वेग कमी झाला आहे, अनुभव भरपूर.'

"ह्याला काढू काका," मिलिंद म्हणाला. "तरणं पोरगं बसून आहे बाकावर, आणि हा रोज हरून राहिला."

"काय कारण लिहायचं?"

"वय झालं त्याचं."

त्याच सकाळी सगळ्यांच्या ईमेलवर कंपनीचं पत्र आलं होतं. त्यात 'रीस्ट्रक्चरिंग' हा शब्द होता, बाकी काही कळेल असं नव्हतं.  पेडणेकरांनी पाण्याची बाटली उघडली आणि परत बंद केली.

"राहू द्या," मिलिंद म्हणाला. "अनुभव आहे भरपूर."

*

सीझनच्या मध्यावर हेक्टरचा खांदा दुखावला. मी सेंगकांगला घरी पोचले तेव्हा माझा चेहरा पाहून नवऱ्याने विचारलं, "काय झालं?"

"हेक्टरचा खांदा गेला."

त्याच्या हातात फोन होता आणि फोनवर पुण्याहून सासूबाई होत्या. त्यांनी ऐकलं. कोण हा, म्हणून विचारलं. आता कॉम्प्युटर, लीग, वॉल्टर हे सगळं फोनवर कोण समजावणार? नवरा म्हणाला, "हिच्या ऑफिसातला आहे."

पुढच्या रविवारी सासूबाईंनी आधी हेक्टरची चौकशी केली, मग नातीची.

"महानारायण तेल लावायला सांग. कोमट करून. घरी कोण आहे त्याचं करणारं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. खोटं तर नव्हतं.

"अगं, मग डबा देत जा की त्याला. परक्या देशात माणूस एकटा."

माझी मुलगी शेजारी होमवर्क करत होती. तिने वर न बघताच इथल्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं, "आजी, ही इज नॉट रिअल, लाह."

"काय म्हणते ती?"

"म्हणते, आता बरा आहे," नवरा म्हणाला.

महिन्याभराने ओळखीच्या कोणाबरोबर तरी तेलाची बाटली आली. ती पेडणेकरांनी गुडघ्याला वापरली. हेक्टर तोवर खेळायलाही लागला होता. सासूबाईंना त्याचं अजिबात नवल वाटलं नाही.

*

मिस लिमला बेसबॉलशी देणंघेणं नव्हतं, पण आमच्या रोजच्या सुतकी चेहऱ्यांचा तिला कंटाळा आला होता. एक दिवस ती म्हणाली, "दिस टेबल नो गुड. तोंड गटाराकडे आहे. लक सगळं वाहून जातं."

तिने स्वतः पुढे होऊन फिश सूपच्या स्टॉलसमोरच्या एका टेबलावर टिश्यूचं पाकीट टाकलं. इथे टेबल अडवायची तीच रीत. आम्ही तिथे जेवलो. त्या दिवशी जिंकलो. दुसऱ्या दिवशी जिंकलो. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

त्या टेबलावरचा पंखा बंद होता. स्टॉलची वाफ थेट अंगावर. पेडणेकरांचा शर्ट पाठीला चिकटायचा, मिलिंदच्या चष्म्यावर धुकं धरायचं, पण उठायची कोणाची हिंमत नव्हती. आठवडाभर आम्ही तसे उकडून निघालो आणि मग परत हरायला लागलो.

मी मिस लिमला विचारलं, "आता?"

तिने सूपचा घोट घेतला. "टेबल चांगलं आहे," ती म्हणाली. "टीम वाईट आहे."

*

पेडणेकरांना एच.आर.ने बोलावलं तो दिवस मला नीट आठवतो. दुपारी, जेवण झाल्यावर. ते आत गेले आणि फार वेळ लागला नाही. परत येऊन खुर्चीत बसले. स्क्रीनवर बँकेचं स्टेटमेंट जुळवायचं अर्धं राहिलं होतं, ते पूर्ण केलं, सेव्ह केलं. मग कप उचलला, कोरडा पुसला आणि पिशवीत टाकला.

मी उभी राहिले. 

मिलिंद जिन्याने धावत आला होता. त्याला कोणीतरी सांगितलं असणार. त्याच्याकडे बघून पेडणेकर म्हणाले, "उद्या कोण खेळणार ती लाइनअप पाठवायची राहिली आहे."

"मी पाठवतो काका. तुम्ही आज घरी जा."

"नको," पेडणेकर म्हणाले. "तू हेक्टरला काढशील."

*

पंधरा-वीस दिवसांनी पेडणेकरकाकूंचा फोन आला.

"वैशाली, ह्यांना काहीतरी काम सांग गं. काय वाटेल ते सांग."

"काय झालं काकू?"

"स्वयंपाकघर लावायला घेतलंय. मसाल्याचे डबे रोज पुसतात आणि रोज नव्या क्रमाने ठेवतात. आता मला माझ्याच घरात हिंग सापडत नाही."

मी मिलिंदला सांगितलं. त्याने पेडणेकरांना फोन लावला आणि टीम तुमच्यावाचून चालत नाही म्हणून सांगितलं. टीम त्यांच्यामुळेही चालत नव्हती, पण ते आले. तेही बेडोकलाच राहायचे. तिथून गाडी पकडून, इस्त्रीचा शर्ट घालून, बरोबर जेवायच्या वेळेला. आणि मग रोज येऊ लागले. गळ्यात ऑफिसचा पास नव्हता, एवढाच फरक.

त्यांचं काम माझ्याकडे आलं होतं. माझं होतंच. महिनाअखेरीला मला काही सुधरत नसे. मग जेवताना मी विचारायची, ही एंट्री तुम्ही कुठे टाकायचा, त्या सप्लायरचं काय करायचा. ते घास बाजूला ठेवून नीट सांगायचे. एकदा असं बराच वेळ सांगून झालं. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी उगाच डबा आवरत बसले.

"कळलं ना?" त्यांनी विचारलं.

"कळलं."

"मग आता जरा माझ्या कामाचं बोलू," म्हणाले आणि मिलिंदकडे वळले. "शॉर्टस्टॉपच्या त्या फील्डरला काय झालंय?"

*

कॅनडात विनिपेगला लीगमधला एक मालक होता. त्याने हेक्टर मागितला आणि बदल्यात दोन चांगले तरुण खेळाडू देऊ केले. मिलिंद हरखला. असा सौदा परत येणार नव्हता. उत्तर मात्र पेडणेकरांनी परस्पर पाठवून दिलं. मिलिंदने ते ऑफिसात वाचलं आणि जेवायला आला तो कपाळाला हात लावून.

"काका, हे काय लिहिलंत तुम्ही?"

पेडणेकरांनी लिहिलं होतं की हेक्टरने नुकताच बेडोकला फ्लॅट घेतला आहे, मुलांच्या शाळा इथे आहेत, ह्या वयात त्याला बिऱ्हाड हलवायला सांगणं बरं दिसत नाही.

"असं कोणी लिहितं का? तो हसेल ना आपल्याला."

दुसऱ्या दिवशी विनिपेगचं उत्तर आलं. मिलिंदने ते कागदावर उतरवून आणलं होतं. 'समजू शकतो. मलाही इथून हलायचं होतं, जमलं नाही. फ्लॅट किती खोल्यांचा?'

पेडणेकरांनी कागद पुढे ओढला.

"फोर-रूम लिहू का?" पेडणेकरांनी विचारलं.

मिलिंदने मान हलवली. "त्याच्या पगारात थ्री-रूमच बसतो काका," तो म्हणाला.

*

सीझनचा शेवटचा दिवस आला. तळाशी दोनच टीम्स उरल्या होत्या, आमची आणि ऑरेगॉनच्या एका डेंटिस्टची. आम्ही एका विजयाने पुढे होतो. हेक्टरची पाळी होती. मिलिंदने ह्या वेळी वाद घालायचा नाही असं ठरवलं होतं.

आदल्या दिवशी पेडणेकरांनी लाइनअप सांगितली. हेक्टरचं नाव नव्हतं.

"त्या पोराला टाक," ते म्हणाले.

"काका, हेक्टरला टाका. मी काही म्हणत नाही."

"त्याचा खांदा परत दुखतोय. रिपोर्टमध्ये आहे. किती ओढायचं एखाद्याला?"

पोराने मॅच घालवली. नऊपैकी पहिल्या दोन इनिंग्जमध्येच सगळं आटोपलं. मिलिंद वरून आला तेव्हा त्याच्या चालण्यावरून आम्हाला काहीच कळेना.

"आपण हरलो," तो खाली बसत म्हणाला. "पण तो डेंटिस्टही हरला."

म्हणजे आम्ही वाचलो. कसे, तर दुसरा बुडाला म्हणून. आनंद करावा असं कोणाला वाटलं नाही. पेडणेकरांनी शांतपणे डबा उघडला. मिस लिम एकेकाचं तोंड बघत होती.

"विन ऑर लूज?"

"लूज," पेडणेकर म्हणाले. "बट वी आर स्टेइंग."

ती उठली आणि चौघांसाठी उसाचा रस घेऊन आली.

दोन दिवसांनी लीगने निवृत्त झालेल्यांची नावं लावली. त्यात हेक्टर मॅरोन होता. मिलिंदला कळेना, काकांना हे कसं सांगावं. शेवटी त्याने सांगून टाकलं.

"बरं झालं," पेडणेकर म्हणाले. "आपला आपण गेला."

*

ह्यानंतर थोड्याच दिवसांत पेडणेकरांना एका नोकरीसाठी बोलावणं आलं. तोवर बऱ्याच ठिकाणी नकार मिळाले होते. ही एक छोटी कंपनी होती, जहाजांना लागणारं सामान पुरवणारी. मालकीण सत्तरीच्या चिनी बाई, मुलाखत स्वतःच घेत होत्या. काकूंनी घरून पढवून पाठवलं होतं, मधले महिने काय करत होता असं विचारलं तर कन्सल्टन्सी म्हणायचं.

पुढचं त्यांनी आम्हाला जेवताना सांगितलं, भाताकडे बघत.

बाईंनी कागद चाळले आणि तेच विचारलं. "हे मधले महिने काय केलंत?"

कन्सल्टन्सी हा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना.

"एक बेसबॉलची टीम सांभाळत होतो," ते म्हणाले.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कितवी आली?"

"शेवटून दुसरी."

"त्याआधी?"

"शेवटची."

 काचेपलीकडे गोदामात त्यांची माणसं खोकी उचलत होती, बाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"टीममधून किती माणसं काढलीत?"

"एकही नाही."

बाईंनी कागद गोळा करून त्यांच्या हातात परत दिले.

"सोमवारी या," त्या म्हणाल्या.