फाटकाबाहेर भाव सांगणाऱ्या कमलताई

कमलताई बोरस्ते घराच्या आत कधीही भावाचं बोलायच्या नाहीत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, मालक कितीही उतावीळ असो, किमतीचा विषय निघाला की त्या उठायच्या, चपला पायात सरकवायच्या आणि माणसाला फाटकाबाहेर घेऊन जायच्या. तिथे उन्हात, स्कूटीला टेकून, जे काय घासाघीस करायची ती करायची. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ताई, विकायला काढलेल्या घरात कुणीतरी एक जण आत गप बसलेलं असतंच. त्याला कशाला ऐकवायचं?"

आमच्या घरात ते एक जण म्हणजे आई होती.

नाशकात, उपनगर भागाच्या मागच्या कॉलनीत बाबांनी बांधलेलं छोटं रो-हाऊस होतं आमचं. बाबा ओझरला विमानाच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर आई एकटीच राहत होती. मग बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि जिना चढणं कायमचं बंद झालं. मी एकुलती एक, नोकरी पुण्यात. घर विकायचं आणि आईला माझ्याकडे न्यायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे मी म्हणाले, आणि आई "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाली.

पहिला एजंट कॉलेज रोडवरच्या चकचकीत ऑफिसातला. चुणचुणीत, नम्र, खोल्यांचे फोटो झटपट काढणारा. हॉलमध्ये आल्यावर त्याने भिंतीकडे बघितलं. तिथे बुद्धांची मोठी तसबीर होती आणि खाली लाकडी पाटावर आईची नेहमीची छोटी मूर्ती. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, एक सजेशन. हे काढून ठेवलंत तर बरं. पार्टीला घर न्यूट्रल दिसलं पाहिजे. माझं काही नाही हो, पण मार्केट तसं आहे."

मी त्याला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आईने वॉकर बाजूला ठेवून पाटावरची मूर्ती उचलली होती आणि ती पदरात गुंडाळत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. सवयीचं काम करावं तसं ती ते करत होती. मी तिच्या हातातून मूर्ती घेतली, पाटावर परत ठेवली आणि त्या मुलाला म्हणाले, "तुम्ही या आता." तो बिचारा खरंच गोंधळला. आपलं काय चुकलं हे त्याला समजलंही नसावं.

त्यानंतर शेजारच्या काकूंनी कमलताईंना पाठवलं. पन्नाशीच्या पुढची बाई, ठसठशीत कुंकू, खांद्यावर रेक्झिनची पर्स, साडीवर पुरुषी फुलशर्ट घातलेला, कारण दिवसभर स्कूटीवर ऊन लागायचं. दारात चपला काढल्या, आत आल्या, तसबिरीकडे एकदा बघितलं आणि आईला सहज म्हणाल्या, "जयभीम, आई." मग स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी प्यायल्या आणि आईसमोर खाली फरशीवर बसल्या.

"आई, घर विकायचंय का तुमाला?"

"मीनाला विचारा," आई म्हणाली.

"त्यांना नाय विचारत. घर तुमच्या नावावर हाय."

मी मध्ये पडून ऑपरेशन, जिना, पुणे असं सगळं सांगितलं. कमलताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या उठल्या. "बरोबर हाय तुमचं, ताई. पण हे घर अजून विकायला निघालं नाय. मी येईन परत."

मला रागच आला. रजा संपत आली होती आणि ही बाई काम घ्यायलाच तयार नव्हती. पण त्या खरंच परत आल्या, आणि मी पुण्याला गेल्यावरही येत राहिल्या. आई फोनवर सांगायची, "आज बोरस्तेबाई आल्या होत्या. मेथी निवडून दिली." कधी "गुडघ्याला तेल लावून गेल्या." घराबद्दल काय बोलणं झालं असं विचारलं तर म्हणायची, "काही नाही."

त्यांचं स्वतःचं आयुष्य आईलाच आधी कळलं, मग आईकडून मला. त्यांचं सासर सायखेड्याचं, शेतकरी घर. नवरा तरुणपणीच गेला; कुंकू तेवढं त्यांनी सोडलं नाही. वर्षश्राद्ध झालं आणि दिरांनी कागद पुढे केला, "वहिनी, इथं सही करा, वाटणीचं हाय." त्यांनी केली. त्या आणि त्यांची लहान मुलगी ज्या घरात राहत होत्या तेच त्या कागदावर होतं. घर विकत घेतलेल्या परक्या माणसांनी सामान बाहेर काढायला सुरुवात केली तेव्हा त्या चुलीवर भाकरी थापत होत्या. "तवा तापलेलाच होता," असं त्यांनी आईला सांगितलं. "तसाच फडक्यात धरून बाहेर आले." पुढे नाशकात येऊन ब्लाऊज शिवले, साड्यांना फॉल लावले. बायकांच्या बोलण्यातून कुणाची खोली रिकामी होतेय हे कळायचं. भाडेकरू मिळवून देता देता त्या या धंद्यात आल्या. जिच्या पायाखालून घर काढून घेतलं तिने लोकांची घरं विकावीत हे मला विचित्र वाटायचं. एकदा तसं म्हणाले तर त्या म्हणाल्या, "कुणीतरी विकणारच ना? मंग मीच विकते. निदान विचारून तरी विकते."

मी पुढच्या वेळी आले तेव्हा एका दुपारी आई आपणहून बोलली. कमलताई शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. आई म्हणाली, "विका. पण एक आहे. जो घ्यायला येईल त्याला आडनाव विचारायचं नाही."

कमलताईंचे हात थांबले.

मग आईने जे सांगितलं ते मीही कधी ऐकलं नव्हतं. लग्नानंतर बाबांची नोकरी लागली तेव्हा त्यांनी पंचवटीत खोल्या शोधल्या. रिकामी खोली दिसायची, मालक कौतुकाने दाखवायचा, कारखान्यात आहे म्हटल्यावर खूश व्हायचा, आणि मग आडनाव विचारायचा. ते ऐकलं की खोली कालच दुसऱ्या कुणाला तरी दिलेली असायची. "मी तुझ्या वेळेला पोटुशी होते," आई मला म्हणाली. "ते रोज कामावरून सुटले की फिरायचे. रात्री घरी येऊन फक्त मान हलवायचे. म्हणून हे घर बांधलं. माझ्या दारातून कुणी तशी मान हलवत जाऊ नये."

कमलताईंनी हातातली शेंग ताटलीत ठेवली. मग म्हणाल्या, "आई, खोटं नाय बोलणार. आमच्या धंद्यात आडनावच विचारतात पयलं. मीबी विचारते. नाय विचारलं तर मालक मला विचारतो." मग पुढची शेंग उचलत म्हणाल्या, "तुमच्या घराला नाय विचारणार."

गिऱ्हाइकं येऊ लागली. एका नवरा-बायकोला तर सगळंच आवडलं. ती दोघं भाव आमच्या अपेक्षेहून जास्त द्यायला तयार होती. फाटकाबाहेर त्या बाईने कमलताईंना हळूच विचारलं, "तसबीर बघितली. घर त्यांच्यातल्यांचं का? मग राहायला यायच्या आधी सगळं शुद्ध करून घ्यावं लागेल." कमलताई म्हणाल्या, "काय शुद्ध करायचं राह्यलंय? फरशी बघितली ना, आरशावानी हाय." बाई हसून म्हणाली, "तसं नाही हो, तुम्हाला कळतंय." त्यावर कमलताई म्हणाल्या, "कळतंय. म्हणून सांगते, तुमचं इथं जमायचं नाय." आणि स्वतः आत शिरून त्यांनी फाटकाला कडी घातली.

आत येऊन त्या आईसमोर उभ्या राहिल्या. दुसऱ्याच्या घरी काच फोडलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "आई, चांगली पार्टी होती, मी घालवली. तुमाला विचारायला पायजे होतं, नाय विचारलं. राग आला असंल तर बोला." आणि काय झालं ते त्यांनी शब्दन् शब्द सांगितलं.

आई म्हणाली, "तू आधी पाणी पी." त्या दिवसापासून आई त्यांना अगं-तुगं करू लागली.

त्यानंतर अंजुम आणि सलीम आले. ती एका दवाखान्यात नर्स, तो इलेक्ट्रिशियन. कर्ज मंजूर होऊनही त्यांना कुणी घर देत नव्हतं. अंजुम घर बघत फिरली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, आधी आमचं नाव ऐकून घ्या. नंतर वेळ जायला नको, तुमचाही, आमचाही."

कमलताई म्हणाल्या, "इथं नाव विचारत नाय. आत या, वरची खोली बघा. उन्हाळ्यात तापते, ते आधीच सांगते."

विसाराची रक्कम दिली-घेतली गेली आणि कॉलनीत बातमी पसरली. एका संध्याकाळी सेक्रेटरी आणि त्यांच्याबरोबर आणखी दोघे-तिघे आले. त्यांत गायकवाडकाकाही होते, आमच्याच समाजातले, बाबांचे कारखान्यातले मित्र. तेच आधी बोलले. "वहिनी, माझं व्यक्तिशः काही नाही. पण उद्या आमची घरं विकायची वेळ आली तर? कॉलनीचा विचार करावा लागतो."

मी काही बोलणार तोच आई वॉकर धरून उभी राहिली. "भाऊजी, पंचवटीत खोली बघायला तुम्हीच जायचात ना यांच्याबरोबर?"

गायकवाडकाकांनी मान खाली घातली. चहा नको म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी निघून गेले.

सेक्रेटरींना आईला काही बोलता येईना, म्हणून ते कमलताईंकडे वळले. "बाई, तुम्हाला या कॉलनीने आजवर किती कामं दिली! यापुढे इथे पाय ठेवायचा नाही." कमलताई नुसतं "बरं" म्हणाल्या. मला वाटलं, रागाच्या भरात बोललेलं माणसं विसरतात. विसरली नाहीत. आजूबाजूच्या कॉलन्यांमध्येही शब्द गेला, आणि त्या सगळ्या भागातलं काम दुसऱ्यांकडे गेलं. त्यांना पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाथर्डी फाट्यापलीकडे नवीन ओळखी काढाव्या लागल्या. मी फोनवर हळहळले की म्हणायच्या, "एवढं काय नाय ताई. तिकडं नवीन बिल्डिंगी लय झाल्यात." पण स्कूटीवर एवढं लांब जाणं त्यांना झेपत नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून समजायचं.

खरेदीखताच्या दिवशी रजिस्ट्रारच्या ऑफिसात आईला खुर्चीसकट आत न्यावं लागलं. सही करण्याआधी कमलताई वाकून तिच्या कानाशी म्हणाल्या, "आई, अजून नाय म्हणू शकता." समोर अंजुम बसलेली होती, तिलाही ते ऐकू गेलं असणार. आईने चष्मा नीट केला आणि स्वच्छ अक्षरात सही केली.

कमलताई या हिवाळ्यात गेल्या. किडन्या निकामी झाल्या होत्या. त्यांच्या मुलीने फोन केला तेव्हा मी ऑफिसात होते. त्याआधी दिवाळीनंतर आईने हट्ट धरला म्हणून आम्ही त्यांना ओझरला, मुलीकडे, भेटायला गेलो होतो. ती आमची शेवटची भेट.

मुलगी-जावई जीव लावणारे होते. खोली स्वच्छ, उशाशी औषधं, खिडकीतून द्राक्षाच्या बागा दिसत होत्या. कमलताई मात्र निम्म्या झाल्या होत्या. आई पलंगाच्या कडेला बसली. ख्यालीखुशालीचं बोलणं झालं. मग कमलताईंनी विचारलं, "तिकडं पुण्याला कसं वाटतंय, आई?"

"चांगलं आहे. मीना काही कमी पडू देत नाही."

"ते नाय विचारलं."

आईने माझ्याकडे एकदा बघितलं. मी खिडकीकडे बघू लागले. मग ती म्हणाली, "पाहुणी असल्यासारखं वाटतं. डबा कुठला कुठे ठेवायचा ते विचारून ठेवते."

"मीबी," कमलताई म्हणाल्या. "पोर लय करते. तरी रात्री उठले की भिंत कुठल्या बाजूला ते समजत नाय." मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "ताई, मनाला लावून घेऊ नका. तुमचं काय चुकलं नाय आन् माझ्या पोरीचंबी नाय. घर सुटल्यावर असंच असतं. एवढी घरं विकली, पण हे कुणाला सांगितलं नाय. सांगितलं असतं तर कुणी विकलंच नसतं."

स्वयंपाकघरातून त्यांची मुलगी चहा घेऊन येत होती, ती ट्रे धरून दारातच थांबली. तिनेही ऐकलं होतं.

कमलताईंचे केस उशीवर गुंता होऊन पसरले होते. आईने त्यांच्या मुलीकडे कंगवा मागितला. एक हात पलंगाच्या दांडीवर ठेवून ती नीट सरकून बसली आणि कमलताईंना कुशीवर वळायला लावून एकेक बट सोडवू लागली. दुखू नये म्हणून केस मुळाशी चिमटीत धरून, खालून वर. कमलताईंनी डोळे मिटले. मी हळूच दाराशी सरकले. वेणी घालून होईपर्यंत आम्ही दोघी मुली दारात उभ्या राहिलो, आणि चहा निवला तरी कुणी आत गेलं नाही.