मांजर म्हणजे पुसणारं

सकाळी आमच्या उंबऱ्यावर एक मांजर येऊन बसतं आणि पंजा चाटून चाटून तोंड पुसत राहतं. आज शेजारच्या मास्तरीणबाई शाळेला निघता निघता ते बघून म्हणाल्या, "आबा, मांजर हा शब्द मूळचा मार्जार. म्हणजे सारखं अंग पुसणारं."

मी चार इयत्ता शिकलेला माणूस. मांजर म्हणजे चोर, एवढंच मला ठाऊक. आमची बायकोही त्याला मेलं चोरटं म्हणायची, आणि म्हणता म्हणता त्याच्यापुढं दूध ओतायची.

दुखण्यात शेवटी शेवटी तिचे हात उचलेनात. मग ओल्या फडक्यानं मीच तिचं तोंड पुसायचो. त्यातही तिची कटकट असायचीच. "म्हैस धुताय का? जरा हळू. आणि कानामागं राहिलं बघा."

ती गेली त्या दिवशी आंघोळ घालायच्या आधी मी तिचं तोंड पुसलं. कानामागं दोनदा पुसलं. ती काही बोलली नाही.

बाई शाळेला गेल्या. मी मांजराकडं बघत बसलो. ते मन लावून कानामागं पंजा फिरवत होतं. त्याला कुणी सांगावं लागत नाही, त्याच्या नावातच ते आहे. मी माझ्या कानामागं हात नेला. सकाळचा साबण तिथं वाळून बसला होता. हल्ली रोजच राहतो. घरात सांगणारं कुणी नाही.