तांदळाच्या डब्यावर बसलेली आई

मतदानाची ती दुपार मला अजून लख्ख आठवते, कारण माझ्या उभ्या नोकरीत हसत हसत मिटलेला तपास तो एवढाच. तेव्हा मी बदलापूर भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवडणुकीचा बंदोबस्त म्हणजे पोलिसाच्या जिवाला घोर. पहाटेपासून जीपमध्ये, एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर, जेवणाचा पत्ता नाही, आणि वायरलेसवर सारखी कोणाची तरी कोणाविरुद्ध तक्रार. त्यातल्या निम्म्या तक्रारी जुन्या भाऊबंदकीच्या असतात, हे अनुभवानं सांगतो.

दुपारी बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या एका गावातून फोन आला. बोलणारा एका उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी होता. "साहेब, बोगस मतदार पकडलाय. राहतो मस्कतला आणि इथं मत टाकायला आलाय. लवकर या, पब्लिक गरम आहे."

गेलो. शाळेच्या व्हरांड्यात गर्दी, आणि मधोमध तिशीतला एक तरुण, इस्त्रीचा शर्ट घामानं भिजलेला. मस्कतला एसी दुरुस्तीचं काम करायचा, जन्म मात्र याच गावचा. केंद्राध्यक्ष म्हणून आलेल्या शिक्षिका शांत होत्या. म्हणाल्या, "यांचं नाव यादीत आहे, परदेशात राहणाऱ्या मतदारांमध्ये. पण त्यांना मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो. तो यांनी आणलेला नाही."

"जो गावात राहतच नाही, त्याचं कसलं मत?" प्रतिनिधी तावातावानं म्हणाला. "गुन्हा दाखल करा, साहेब."

नुसत्या कोणाच्या सांगण्यावरून गुन्हे दाखल करायची मला सवय नव्हती. तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेला फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्यांनी नियम समजावला. माणूस नोकरीसाठी बाहेर असेल आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसेल, तर पासपोर्टवरच्या पत्त्यावर तो मतदार राहू शकतो. तिथं राहत असण्याची अट त्याला नाही. नोंदणी करायची, मतदानाला स्वतः यायचं आणि मूळ पासपोर्ट दाखवायचा. म्हणजे संध्याकाळी सहाला मतदान संपायच्या आत पासपोर्ट आला तर पोराचं मत, नाहीतर मत गेलं आणि तोतयेगिरीची तक्रार माझ्या गळ्यात.

पोराला जीपमध्ये बसवलं आणि विचारलं, "पासपोर्ट कुठंय?"

"बॅगेत होता, साहेब. सकाळी बघतो तर नाही. घर पालथं घातलं." "मत द्यायला म्हणून सुट्टी काढून आलो. गावात सगळे बोलतात, हा आता इथला नाय राहिला. एकदा तरी इथल्या मशीनचं बटन दाबायचं होतं मला."

खोटं बोलणारा माणूस एवढं साधं कारण सांगत नाही. आता प्रकरण चोरीचं झालं होतं. जीप त्याच्या घराकडे वळवली.

घरात त्याची आई एकटीच. साठीची, नाकात नथनी, कमरेला पदर खोचलेला. पोलीस दारात पाहून बायका घाबरतात. ही घाबरली नाही, लगेच चहा टाकायला निघाली. नको म्हटलं तर सरबत विचारलं, तेही नको म्हटलं तर पुन्हा चहा. घरातला गुन्हा असला की घरातलं कोणीतरी पाहुणचाराला फार उतावीळ असतं.

बॅग पाहिली. भारी घड्याळ जागेवर, चॉकलेटं जागेवर, पासपोर्ट तेवढा गायब. बाहेरचा चोर इतका सोवळा नसतो.

"मावशी, चोरीची तक्रार लिहून घेऊ का?"

"कशाला तक्रार, सायेब? मिळंल कंदीतरी."

"बरं, मग तुमच्या परवानगीनं घर बघतो." मी हवालदाराला आणि महिला शिपायाला खूण केली. पोरगाही शोधायला लागला. मावशी मात्र सैपाकघरात गेली, तांदळाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यावर जाऊन बसली आणि तिथून हलेना. चोर पळताना मी पुष्कळ पाहिले, असा बसून राहिलेला पहिलाच.

पोराला बाहेर थांबायला सांगितलं आणि तिच्यासमोर पाटावर बसलो.

"मावशी, आता प्यायचा चहा. टाका."

"गुडघं दुखतान माझं."

"मघाशी तर नको म्हटलं तरी निघाला होतात."

तिनं पदरानं डोळे पुसले. "पासपोट नसला तं विमानात घेत नाय ना? मना वाटला, राहील आनखी चार दिस. येतंय काय, जातंय काय. माझ्या हातचा धड जेवत पन नाय."

मला गलबलून आलं. खाकी अंगावर असली म्हणून आई विसरते असं नाही. पण घड्याळ पुढं सरकत होतं.

"अहो, पासपोर्ट नसेल तर त्याला मत देता येत नाही. बूथवर त्याला बोगस म्हणतायत, इथला नाही म्हणतायत."

ती ताडकन उठली. "कोन बोलला इथला नाय?" झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात तांदळात घातला. प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला पासपोर्ट बाहेर आला. पण माझ्या हातात देईना. "सायेब, आदी वाच. काय लिवलाय त्यात?"

शेवटचं पान उघडून मी मोठ्यानं वाचलं. आईच्या नावाच्या रकान्यात तिचं नाव. पत्ता याच गावचा, याच घराचा.

"माझा नाव हाय? सरकारनं लिवलाय?"

"हो. हा मस्कतला राहो नाहीतर चंद्रावर, हे पुस्तक आहे तोवर मतदार याच घरचा."

"मंग दर टायमाला त्याला यावा लागल? फोनवर नाय जमत?"

"नाही. पोस्टानंही नाही. स्वतःच यायचं."

मावशीचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "मंग कायदा लय बरा हाय," म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

पोलीस जीपमधून मावशी गावभर मिरवत गेली. पासपोर्ट पोराकडे दिलाच नाही, केंद्राध्यक्षांपुढं स्वतः धरला. त्यांनी तो तपासला आणि पोराच्या बोटाला शाई लागली. प्रतिनिधी भिंतीला टेकून उभा होता. बाहेर येताना मावशी त्याच्यापुढं थांबली. "तू बोललास ना, इथला नाय म्हनून? राती जेवायला ये. बोकडाची वजरी केलीय." तो मान खाली घालून "येतो, काकी" म्हणाला आणि खरंच गेला, असं नंतर कळलं.

ठाण्यात परतल्यावर हवालदारानं विचारलं, "साहेब, डायरीत आरोपी कोण लिहू?" मी म्हटलं, "लिही, पासपोर्ट घरातच मिळाला, तक्रार नाही." या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच. माणूस कुठला, हे तो कुठं राहतो यावरून ठरवायची आपल्याला फार घाई असते. परदेशातल्या मतदाराला विमानानं यायला लावणं हा जाच आहे, असं लोक म्हणतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण कोणी तो वाद काढला की मला तो डबा आठवतो.

पुढच्या निवडणुकीला मी निवृत्त होऊन अंबरनाथला राहत होतो. मत देऊन घरी आलो तर मावशीचा फोन. "सायेब, पोऱ्या आलाय."

"वा. आणि पासपोर्ट कुठंय?" मी चिडवलं.

"तांदळान," ती म्हणाली. "पन या टायमाला त्यानंच ठेवलाय."