शेऱ्याच्या रकान्यातला शब्द

खराडीतल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याच्या घराण्याचा कुलवृत्तांत आणला. जाडजूड, कापडी बांधणीचा. चौदा पिढ्या. सगळे कौतुकाने पानं उलटत होते. मग त्याने मला सहज विचारलं, "तुमच्यात असं काही लिहून ठेवत नसतील, नाही?"

त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. "शोधते," एवढंच मी म्हणाले आणि डबा बंद केला.

संध्याकाळी येरवड्याला घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "आपला इतिहास धम्म घेतला त्या दिवसापासून सुरू होतो. त्याआधीचं सगळं त्यांच्या वहीत आहे. त्यांनी आपल्याला काय म्हटलंय, ते वाचायची हौस आहे तुला?"

"आहे," मी म्हणाले.

त्यांनी पान उलटलं. त्या विषयावर ते पुढे दोन महिने बोलले नाहीत.

बोलली ती आत्या. वडिलांची थोरली बहीण, वय पंच्याऐंशी, आमच्याच गल्लीत राहते. तिला आमच्या मूळ गावाचं नाव ठाऊक होतं आणि आम्ही ते का सोडलं तेही. तिच्या आजीने, म्हणजे माझ्या पणजीने, तिला ते इतक्यांदा सांगितलं होतं की आत्या ते स्वतः पाहिल्यासारखं सांगायची.

"पाटलाचा बैल मेला. ओढून न्यायला आजोबांना बोलावणं आलं. ते तापाने फणफणलेले. तर निरोप्या म्हणाला, नवरा उठत नसेल तर तू चल. आजी म्हणाली, तो येणार नाही आणि मीही येणार नाही. बरा झाला तरी येणार नाही."

"मग?"

"मग काय! धान्य बंद केलं. ओढ्याची वाट बंद केली. आठ दिवस काढले त्यांनी. नवव्या दिवशी भर दुपारी पाटलाच्या दारावरून चालत निघाले. जात्याची खालची तळी आजोबांच्या डोक्यावर, वरची आजीच्या. आजी म्हणायची, रात्री निघालो असतो तर चोर ठरलो असतो."

ते चालत पुण्याला आले. पणजोबांना खडकीत कारखान्यात काम मिळालं.

गाव कळल्यावर मी तालुक्याला गेले. तीन खेपा झाल्यावर जुन्या शिरगणतीच्या वेळी केलेली त्या गावच्या घरांची यादी सापडली. सगळी मोडीत. नक्कल घेतली आणि शनिवार पेठेत मोडी वाचून देणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे गेले. त्यांच्या दारावर पाटी होती : 'घाई असल्यास स्वतः वाचावे.'

त्यांनी भिंग लावून वाचायला सुरुवात केली. गावातल्या घरांची नावं मानाने लिहिलेली होती. शेवटच्या पानावर आमची वस्ती आली आणि नावांची रूपं बदलली; कुत्र्याला हाक मारावी तशी. माझ्या पणजोबांचं नावही तसंच. पुढे 'बायको एक'. तिला नावच नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यापाशी ते थांबले.

"वाचा ना," मी म्हणाले.

"परागंदा."

"म्हणजे?"

"गाव सोडून पळालेले. गुन्हा करून किंवा सारा बुडवून."

"ते पळाले नाहीत. चालत गेले."

"अहो बाई, मी अक्षरं वाचतो. माणसं कशी गेली ते अक्षरांत नाही." मग भिंग खाली ठेवून जरा हळू आवाजात म्हणाले, "आपल्याला नको असेल तर शेरा गाळतो."

"गाळू नका. आहे तस्सा लिहा. खाली सही दिसतेय, ती कुणाची तेही लिहा."

घरी येऊन मी त्यांनी लिहून दिलेला कागद वडिलांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, खिशातली पेन्सिल काढली आणि ओळीओळीखाली टोक फिरवत वाचलं. आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवलेला माणूस. कागद हातात आला की तो असाच वाचतो. 'परागंदा'पाशी पेन्सिल थांबली.

"खोडू का?" मी विचारलं.

"मूळ प्रतीत खाडाखोड करायची नसते. टीप द्यायची." त्यांचा आवाज चढला होता. "लिही."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं : या घरातली माणसं पळाली नाहीत. मेलेला बैल ओढायला त्यांनी नकार दिला, गावाने त्यांचं धान्य आणि वाट बंद केली, म्हणून ती दिवसाढवळ्या निघून गेली. खाली आत्याची सही घेतली. 'बायको एक'च्या पुढे पणजीचं पूर्ण नाव लिहिलं. इथे मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही, पण त्या कागदावर ते आहे.

ही टीप मूळ यादीला जोडावी, असा अर्ज घेऊन आम्ही दोघं तालुक्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचून परत सरकवला. "अशी तरतूद नाही. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट, आता कुणाला फरक पडतो?"

"मला पडतो," वडील म्हणाले. "तरतूद नसेल तर तसं लेखी द्या. आणि अर्जाची पोच द्या."

मागची रांग कुरकुरायला लागली. वडील खिडकीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. शेवटी कारकुनाने शिक्का मारला.

महिन्याभराने नकाराचं पत्र आलं. वडिलांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि जिल्ह्याला करायच्या अर्जाचा मजकूर सांगायला बसले.