दादांचं गोड बोलणं

आमचे दादा दारात चपला काढता काढता भाषा बदलायचे. दादा म्हणजे माझे वडील. बाहेर रिक्षावाल्याला 'भैया, आपको बड़ी तकलीफ़ हुई' म्हणून हात जोडणारा हा माणूस घरात पाऊल पडताच मराठीत कडाडायचा, "या आडव्या चपला कुणाच्या? पाय आहेत की फावडी?" उज्जैनच्या आमच्यासारख्या घरांत आत मराठी आणि बाहेर हिंदी हे चालायचंच. दादांनी मात्र त्यात वाटणीच करून टाकली होती. गोडवा सगळा हिंदीला, राग सगळा मराठीला.

एकदा गणितात माझी दाणादाण उडाली, तेव्हा ते मला ओट्यावर उभं करून झापत होते. तेवढ्यात भाजीवाला आला. "आइए भैया, आज पालक कैसी है?" दादांनी इतक्या मायेनं विचारलं की तो बिचारा लाजला. जुड्या घेऊन झाल्या आणि मला झापायचं राहिलेलं वाक्य त्यांनी अर्ध्यावरून पुढे सुरू केलं. मी फणकारले, "माझ्याशी पण कधी असं बोला ना!"

"तू काय परकी आहेस?" दादा म्हणाले. "ओरडायला आपली माणसं लागतात."

पुढे मी महेशशी लग्न केलं. तो भैरवगढचा, घरात कापड रंगवून ठशांनी छपाई करायचा धंदा. दादांना हे लग्न मुळीच पसंत नव्हतं. ते घर डोक्यावर घेतील म्हणून मी मनाची तयारी करूनच नवऱ्याबरोबर माहेरी गेले. दादा दारातच उभे होते. मला म्हणाले, "आइए, बैठिए. पानी लेंगी आप?"

महेश खूश. परतताना म्हणाला, "तुम्हारे पिताजी तो बड़े सज्जन आदमी हैं." मी अख्खा रस्ता रिक्षातून बाहेर बघत राहिले.

मग कित्येक वर्षं तेच. गेले की 'आइए', निघाले की 'फिर आइएगा'. मी मुद्दाम चपला दारात आडव्या सोडायचे. दादा वाकून त्या मुकाट्यानं बाजूला लावायचे. ते मला फार लागायचं. आई म्हणायची, "तू परेशान नको होऊ गं, त्यांचा गुस्सा असाच आहे." एका दिवाळीला सासरी छापलेली लाल फुलांची चादर नेली. "बहुत सुंदर है, आपने कष्ट क्यों किया?" म्हणत त्यांनी ती कपाटात ठेवली, ती तिथेच राहिली.

गेल्या वर्षी दादांनी अंथरूण धरलं आणि मी त्यांच्याजवळ राहायला गेले. औषध दिलं तरी 'धन्यवाद' यायचं. एका दुपारी धुतलेल्या चादरी ओल्याच होत्या, म्हणून मी कपाटातली ती कोरी चादर काढून घातली. संध्याकाळी ताप उतरला, दादा घामानं निथळले. उठून बसले तर पांढऱ्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या लाल.

"गाढवे!" दादा ओरडले. "कोरी चादर तशीच घातलीस? रंगाऱ्यांच्या घरात नांदतेस, आणि आधी मिठाच्या पाण्यात भिजवायची असते एवढं कळत नाही?"

मी जागच्या जागी उभी राहिले आणि रडू लागले. आवाज ऐकून आई धावत आली. माझ्याकडे बघून तिनंही पदर डोळ्यांना लावला.

"दोघी रडताय काय? बादली आणा!"

बादली आणली. मीठ टाकलं. "चिमटीनं काय टाकतेस, मूठभर टाक!" इतकं सुंदर मला आयुष्यात कुणी काही म्हटलं नव्हतं.

त्यानंतर दादा फार दिवस राहिले नाहीत. पण तेवढ्यात त्यांनी मला चहावरून, पंख्यावरून, माझ्या वाढलेल्या वजनावरून मनसोक्त झापलं.

ते गेल्यावर भेटायला आलेले शेजारी म्हणत होते, "बाबूजी ने कभी किसी से ऊँची आवाज़ में बात नहीं की." मी मान हलवली. सगळे गेल्यावर दार लावायला उठले, तर दारात माझ्या चपला आडव्याच पडल्या होत्या. मी त्या बराच वेळ तशाच राहू दिल्या.